थोरली जाऊ, धाकटी जाऊ

एक वस्तू पुरत असताना दुसरी आणून ठेवणाऱ्या माणसाची जग थट्टा करते, आणि पहिली वस्तू बिघडली की त्याच्याच दाराशी येऊन उभे राहते. आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत हा मान गेली पस्तीस वर्षे माझ्याकडे आहे. कोणाच्या कुकरची शिटी हरवो, कोणाला रात्री अकरा वाजता फ्यूजची तार हवी होवो, नाही तर कोणाच्या नळाचा वायसर झिजो. पोर धावत येते ते आमच्याकडे. वस्तू घेऊन जाताना तेच पोर जिन्यात हसत असते, हेही मला ठाऊक आहे. आमच्या सौ.ला माझा हा गुण लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात कळला. मी दोन छत्र्या घेऊन सासुरवाडीला गेलो होतो. सासऱ्यांनी दुसरी छत्री आपल्यासाठी आणली असे समजून ठेवून घेतली, आणि परतताना पहिली गाडीत राहिली, तरी माझा या तत्त्वावरचा विश्वास काही ढळला नाही. तीन न्यायला हव्या होत्या, एवढेच मी म्हणालो.

स्वभाव जन्मजात असला तरी त्याला वळण लावले ते बँकेने. बँकेच्या तिजोरीला किल्ल्यांची एकच जोडी नसते. दुसरी जोडी मोहोरबंद पाकिटात घालून दुसऱ्या शाखेत ठेवलेली असते. एवढे कोणालाही सुचेल. पण जुन्या बँकवाल्यांचे खरे शहाणपण पुढेच आहे. ठराविक काळाने ती पाकिटातली जोडी परत आणायची, तिनेच तिजोरी उघडायला लागायचे, आणि रोजच्या वापरातली जोडी पाकिटात जाऊन बसायची. नोकरीच्या सुरुवातीला मला हा निव्वळ कागदी खटाटोप वाटे. मग एका म्हाताऱ्या हेडकॅशियरांनी मला समजावले, "अहो, पाकिटातली किल्ली ही किल्ली आहे असं आपण म्हणतो. तिनं कुलूप उघडलं की मग ती किल्ली!" मी बँकेत पुष्कळ परिपत्रके वाचली, त्या सर्वांचे मिळून तात्पर्य या एका वाक्यात आहे असे मला अजून वाटते.

निवृत्तीनंतर हे वाक्य उपयोगी पडले ते अगदी अनपेक्षित ठिकाणी. २०१८ साली माझ्या भाच्याने आमच्या घरी सर्व्हर मांडून दिला. सर्व्हर म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे थंडगार खोल्या आणि लोखंडी कपाटे येतात. आमचा सर्व्हर शिवणयंत्राच्या शेजारी एका जुन्या स्टुलावर बसतो. कुठल्याशा कचेरीने निकालात काढलेला तो संगणक भाच्याने आणला, त्यात दोन मोठ्या डिस्क बसवल्या, डेबियन नावाची विनामूल्य प्रणाली घातली आणि म्हणाला, "मामा, आता तुमच्या घराची आठवण तुमच्याच घरात." तेव्हापासून आमचे अकरा आल्बम, मुलीची प्रमाणपत्रे, सोसायटीचे हिशेब, आईने तोंडी सांगितलेले लोणच्यांचे प्रमाण आणि वडिलांच्या आवाजातल्या जुन्या कॅसेटी, सारे त्या स्टुलावर नांदते आहे. घरातल्या कोणत्याही फोनवरून मागावे आणि त्याने द्यावे. बिचारा मागणारा कोण ते पाहतो आणि निमूटपणे देतो. एवढा आज्ञाधारक प्राणी आमच्या घरात दुसरा नाही.

आता, या डिस्कांतली माहिती जपावी हे सर्वांनाच समजते. तिची एक प्रत मुलीकडे नाशिकला असते. ती माहेरी आली की जुनी प्रत आणते आणि ताजी घेऊन जाते. पण या दोन मोठ्या डिस्कांखेरीज यंत्रात तिसरी एक लहानशी, विड्याच्या पानाएवढी ड्राइव्ह असते. तिला बूट ड्राइव्ह म्हणतात. हा बूट पायातल्या बुटाचाच वंशज आहे. बुटाच्या मागे जो पट्टा असतो त्याला धरून माणसाने स्वतःच स्वतःला वर उचलावे, अशी इंग्रजीत एक गमतीची कल्पना आहे. बटण दाबल्यावर यंत्रही तसेच झोपेतून स्वतःला उठवते, आणि उठल्यावर आपण कोण, आपल्या घरात माणसे किती, कोणती फडताळे कोठे, कोणाला काय द्यायचे आणि रात्री दोन वाजता कोणते काम करायचे, हे सारे त्या लहानशा ड्राइव्हवरून वाचते. मोठ्या डिस्क म्हणजे घरातले धान्याचे डबे. ही ड्राइव्ह म्हणजे कोणत्या डब्यात काय आहे हे जाणणारी घरची बाई. ती अंथरुणाला खिळली की डबे भरलेले असूनही घर उपाशी राहते.

आणि ती केव्हा तरी अंथरुणाला खिळणारच. १९५६ साली आयबीएमने पहिली चकत्यांची स्मृती बाजारात आणली, तेव्हा सुमारे दोन फूट व्यासाच्या पन्नास चकत्यांवर मिळून पन्नास लाख अक्षरे मावत. आजच्या या पानाएवढ्या ड्राइव्हवर तिच्या हजारोपट मावतात, पण अमरपट्टा काही कोणी लिहून आणलेला नाही. हिच्यात फिरते चाक नाही, म्हणून ही कुरकुरत नाही, खडखडत नाही. काल सुरू होती, आज नाही, असा तिचा शेवट पुष्कळदा असतो. मग डेबियन पुन्हा घालायची, प्रत्येक सेवा पुन्हा मांडायची, तेव्हा कोणता आकडा कोठे लिहिला होता ते आठवायचे. जाणत्या माणसाच्याही दोन-चार संध्याकाळी त्यात जातात. जाणता माणूस घरात नसेल तर किती जातात, याला मोजमाप नाही.

यावर उपाय म्हणजे तशीच दुसरी ड्राइव्ह तयार ठेवणे. मोटारीची स्टेपनी आपण ठेवतो ना, तशीच. (हा शब्दही मोठा प्रवासी आहे. मोटारींबरोबर जादा चाक मिळत नसे त्या काळात, १९०४ साली, वेल्समधल्या लानेली गावी डेव्हिस बंधूंनी जादा चाकाचा धंदा काढला. त्यांचे दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होते. गावातली एक गल्ली अशी आपल्या घाटांतून मोटारीच्या डिकीत बसून हिंडते आहे!) पण स्टेपनी म्हटले की मला नेहमी एक दृश्य दिसते. खंडाळ्याचा घाट, पंक्चर झालेले चाक, बाहेर काढलेली स्टेपनी, आणि तिच्यावर अंगठा दाबून एकमेकांकडे पाहणारी मंडळी. चाक आहे, हवा नाही.

आमच्या दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनिअर राहतात. त्यांचा सल्ला असा, की दोन ड्राइव्ह कायमच्या आतच बसवाव्यात, म्हणजे एकीवर लिहिलेले आपोआप दुसरीवर उमटेल. आरशाची ही युक्ती चांगली आहे. पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या बर्कलीच्या तिघांनी १९८८ साली अशा डिस्कांच्या जुळण्यांचा पद्धतशीर विचार मांडला, आणि माझ्याही मोठ्या डिस्क आरशातच आहेत. पण आरशाचा धर्म असा, की आपण कपाळाला काळे फासले तर तो तेही इमानाने दाखवतो. प्रणालीची एखादी नवी आवृत्ती आली आणि तिने घोळ घातला, तर तो घोळ त्याच क्षणी दोन्हींवर. चुकून काही पुसले गेले, तर दोन्हींवरून पुसले गेले. वीज कडाडून यंत्र जळाले, तर दोघी एकदमच सती जाणार! म्हणून जादा ड्राइव्ह यंत्राबाहेर हवी. तारेने जोडलेली नको, कपाटात हवी.

कपाटात ठेवली की काम झाले, असेही नाही. या जातीच्या ड्राइव्हमध्ये अक्षरे विजेच्या भाराच्या रूपाने कोंडून ठेवलेली असतात. वर्षानुवर्षे तिला वीज मिळाली नाही तर तो भार हळूहळू पाझरू शकतो. शिवाय वर्षापूर्वीची प्रत म्हणजे वर्षापूर्वीचे घर. तेव्हा मुलीचे लग्न झालेले नाही, सोसायटीचा चिटणीस दुसरा आहे! आणि सर्वांत मोठा धोका हा, की प्रत झाली असे आपल्याला वाटत असते, ती झालेली नसते. १९९८ साली अमेरिकेत पिक्सार कंपनीत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचे काम चालू असताना कोणीतरी एक आज्ञा टाइप केली आणि चित्रपट पुसला जाऊ लागला. लोक जादा प्रतीकडे धावले, तो ती नीट निघतच नसल्याचे तेव्हा कळले! मग गॅलिन सुसमन या बाईंना आठवले, की बाळंतपणानंतर आपण घरून काम करत होतो, तेव्हा घरच्या संगणकावर चित्रपटाची प्रत आहे. तो संगणक तान्ह्या मुलासारखा पांघरुणात गुंडाळून मोटारीतून आणला, आणि चित्रपट वाचला. एवढ्या मोठ्या कंपनीची अब्रू अखेर बाळंतिणीच्या घराने राखली. आमच्या आईला ही गोष्ट मी सांगितली तेव्हा तिला तीत नवल असे काहीच वाटले नाही.

तेव्हा मी बँकेचा नियम घरी लावला. सारख्या क्षमतेच्या दोन ड्राइव्ह घेतल्या, कारखाने मात्र मुद्दाम वेगळे निवडले, म्हणजे एकीच्या घडणीतला दोष दुसरीत नको. सौ. म्हणाली, "बरोबर आहे. दोन्ही जावा एका माहेरच्या नसाव्यात." झाले, त्या दिवसापासून एकीचे नाव थोरली आणि दुसरीचे धाकटी. तशा चिठ्ठ्याही चिकटवल्या. एक घर चालवते तेव्हा दुसरी कपाटात विश्रांती घेते, आणि महिन्याने पाळी बदलते.

महिन्याचा दिवस कोणता, हा प्रश्न सौ.नेच सोडवला. पहिला रविवार मी विसरेन, पण संकष्टी या घरात कोणी विसरू देत नाही. त्या रात्री चंद्रोदय होईपर्यंत पाने मांडायची नसतात, आणि चंद्र उगवायला नऊच्या आगेमागे होतात. उपाशी माणसाला वेळ घालवायला काही उद्योग लागतो. तो हा.

उद्योग सोपा, पण सोवळ्यातला आहे. आधी सर्व काही ठीक चालले आहे ना ते पाहायचे. कारण आजारी थोरलीची नक्कल निरोगी धाकटीवर उतरवली तर दोघी आजारी. यासाठीच मागच्या दोन महिन्यांची नक्कल मोठ्या डिस्कवरही घडी करून ठेवलेली असते. मग यंत्र बंद करून एका पेनड्राइव्हवरून सुरू करायचे, म्हणजे थोरली स्वस्थ निजलेली असते. धावत्या माणसाचे माप घेऊ नये. मग एका आज्ञेने थोरलीची अक्षरन् अक्षर नक्कल धाकटीवर. ही आज्ञा लिहिताना मी कोणाशी बोलत नाही. 'कोठून' आणि 'कोठे' ही दोन नावे उलटसुलट झाली, तर कोरी ड्राइव्ह भरलेलीवर उतरते, आणि यंत्र एका शब्दानेही विचारत नाही, "अहो, नक्की ना?" अर्ध्या-पाऊण तासात नक्कल पुरी होते. आता या दोघी इतक्या सारख्या झालेल्या असतात, की त्यांची अंतर्गत ओळखखूणही एकच असते. दोघींना एकदम आत ठेवून यंत्र सुरू केले, तर ते गोंधळते आणि भलतीलाच घरची मालकीण समजू शकते. म्हणून थोरली बाहेर, धाकटी आत, आणि मगच बटण. यंत्र उठले, आणि वडिलांची कॅसेट लागली, की कसोटी उतरली. पुढचा महिनाभर घर धाकटी चालवणार. पुढच्या संकष्टीला धाकटीची नक्कल थोरलीवर. मधल्या दिवसांतले फेरफार रोज रात्री दोन वाजता मोठ्या डिस्कवर टिपले जातात, त्यामुळे फार काही हरवत नाही.

एवढे सगळे मी केले, आणि पायऱ्या सात कलमांत कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवल्या. बँकेची सवय. माणूस रजेवर गेला तरी काउंटर उघडला पाहिजे.

२०२४ च्या जुलैत मी रजेवर गेलो. छातीत कळ आली आणि ठाण्याच्या एका रुग्णालयात माझी अँजिओप्लास्टी झाली. मुलगी नाशिकहून येऊन माझ्यापाशी राहिली, सौ. घरी आईजवळ. भाचा तोवर नोकरीनिमित्त जर्मनीत पोहोचला होता. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आईला आम्ही 'तपासणीसाठी ठेवलंय' एवढेच सांगितले होते. तिचा त्यावर विश्वास नव्हता, आणि विश्वास नसल्याचे ती दाखवत नव्हती.

आईचा एक नेम आहे. वडील १९९४ साली गेले. त्यापूर्वी, १९८९ साली, मी त्यांच्या आवाजात रामरक्षा कॅसेटवर घेतली होती. दिवेलागणीला सौ. आपल्या फोनवरून ती लावते आणि आईच्या उशाच्या स्पीकरवर ती वाजते. रामरक्षा संपली तरी आई उठत नाही. शेवटी वडील एकदा खोकतात आणि मला म्हणतात, "बंद कर रे आता. सेल फुकट जातात." ते वाक्य झाले की ती हात जोडते आणि जेवायला येते.

त्या दिवशी पावसाने वीज तीनदा गेली आणि तीनदा आली. तिसऱ्यांदा यंत्र उठले नाही. थोरली अंगारकीपासून, म्हणजे २५ जूनपासून, घर चालवत होती. तिने त्या संध्याकाळी मान टाकली. वडिलांचा आवाज मोठ्या डिस्कवर सुखरूप होता, नाशिकलाही होता. पण तो डबा उघडणारे घरात कोणी नव्हते. दिवा लागला, आणि खोली गप्प.

"आज ह्यांचा आवाज नाही गं?" आईने विचारले. मुलगा रुग्णालयात, आणि तीस वर्षे कानांवर असलेला नवऱ्याचा आवाज नेमका त्या संध्याकाळी बंद. त्या प्रश्नात काय काय होते, ते आमच्या सौ.ला बरोबर कळले.

"लागेल आई. पाच मिनिटं," ती म्हणाली.

सौ. शाळेत भूगोल शिकवत असे. यंत्राला तिने तोपर्यंत फडक्याखेरीज काही लावले नव्हते. तिने कपाट उघडले, विजेरीच्या उजेडात सात कलमे दोनदा वाचली, बटण दाबून धरले, यंत्राच्या तोंडाशी असलेला कप्पा ओढून थोरलीला बाहेर घेतले आणि धाकटीला आत ढकलले. धाकटी जूनमध्ये घर चालवून नुकतीच माहेरपणाला गेलेली. तिला सारे ठाऊक होते. हवा भरलेलीच स्टेपनी होती ती. दोन-तीन मिनिटे गेली. मग वडील खाकरले आणि रामरक्षा सुरू झाली. सेल फुकट जाण्याचा इशारा मिळाल्यावर आई उठली, आणि ताटावर बसताना म्हणाली, "त्याचं ठीक आहे ना गं तिकडे? आता खरं सांग." सौ.ने खरे सांगितले. आई म्हणाली, "मग मघाशीच का नाही बोललीस?" आणि रोजच्यासारखा भात मागितला.

दुसऱ्या दिवशी डब्यातून पेज घेऊन सौ. आली आणि तिने ही हकिकत मला सांगितली. खरे सांगायचे तर पहिल्या क्षणी मला आनंद झाला नाही. सहा वर्षे मी त्या यंत्राची उठबस करत होतो, आणि माझ्यावाचून त्याचे काहीच अडले नव्हते! पण मग छताकडे बघत पडल्यापडल्या मला ते म्हातारे हेडकॅशियर आठवले. दुसऱ्या किल्लीची व्यवस्था मी चोख ठेवली होती, पण ती फिरवणारा दुसरा हात आहे याचा पुरावा मला त्या दिवशी मिळाला. आपल्यावाचून अडू नये म्हणूनच तर माणूस एवढी धडपड करतो. अडले नाही की मग त्याला वाईट वाटते, ही गोष्ट वेगळी. रात्री झोप मात्र मला घरच्यापेक्षा चांगली लागली.

घरी आल्यावर मी कपाटाच्या दारावरचा कागद पाहिला. सात कलमांत लाल शाईने दुरुस्त्या झाल्या होत्या. दोन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ सुधारले होते. 'कप्पा बाहेर काढावा' याच्यापुढे लिहिले होते, 'कोणता? डावीकडचा!' आणि आठवे कलम नवे होते : 'घाई करू नये. आईंना आधी चहा द्यावा.' कागदाच्या तळाशी दहापैकी सात गुण. ज्याला सगळे ठाऊक असते त्याने लिहिलेल्या सूचना, ज्याला काही ठाऊक नाही त्याने एकदा वाचून पाहिल्याशिवाय पुऱ्या होत नाहीत, हे मला आता तुम्हांला वेगळे सांगायला नको. माझा मूळ कागद मी फाडला आणि तिचा टाचला.

थोरली गेली. धाकटीला बढती मिळून ती थोरली झाली, आणि नवी धाकटी आणली. दुसरीही एक पद्धत त्या महिन्यापासून बदलली. आता एक संकष्टी माझी, एक तिची. ज्याची पाळी नसेल त्याने यंत्राच्या खोलीत यायचे नाही, असा तिचाच नियम आहे, कारण मी मागे उभा राहून उसासे टाकतो.

गेल्या संकष्टीला तिची पाळी होती. मी शिवणयंत्रापाशी दोनदा घुटमळलो. "अहो, बाहेर जाऊन चंद्र उगवला का बघा," तिने मला हाकलले. मी गॅलरीत गेलो. ढगांमुळे चंद्र दिसत नव्हता, पोटात भूक होती, आणि ते 'कोठून' नि 'कोठे' तिने बरोबर लिहिले असेल ना, या विचाराने मी कठडा घट्ट धरून होतो. आत बराच वेळ काहीच ऐकू येईना. मग एकदा खोकला आला, आणि मला रागावणारा ओळखीचा आवाज :

"बंद कर रे आता. सेल फुकट जातात."